खानदेशाची राजधानी गेली कुठे?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. माईकसमोर जसं बोललो, तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.

तर एक प्रश्न. खानदेशाची राजधानी कोणती? आमच्या मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या कुणालाही विचारून बघा. जळगावचा माणूस जळगाव म्हणेल, धुळ्याचा धुळे म्हणेल, आणि दोघांची तिथेच जुंपेल. खरं तर दोघांचाही दावा तसा नवाच आहे. धुळ्याला मान मिळाला १८१८ नंतर, इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं तिथे नेलं म्हणून. जळगावला मिळाला १९०६ मध्ये, खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले तेव्हा. त्याआधी शतकानुशतकं खानदेश म्हटलं की एकच शहर डोळ्यासमोर यायचं, आणि ते आज महाराष्ट्रात नाहीच.

बुऱ्हाणपूर. हो, तेच. भुसावळहून खंडव्याकडे जाताना रावेरच्या पुढे लागतं ते. मध्ये राज्याची सीमा येते, पाट्यांवरची भाषा बदलते, पण केळीच्या बागा काही बदलत नाहीत.

जर्मनीत राजा जिथे मुक्काम ठोकून राहायचा त्या गावासाठी वेगळा शब्दच आहे, रेसिडेन्झश्टाट. राजनिवासाचं शहर म्हणा हवं तर. पोट्सडाम, कार्ल्सरूह ही त्यातली. कार्ल्सरूहमध्ये तर रस्ते राजवाड्यापासून पंख्याच्या पात्यांसारखे पसरलेत. राजे गेले, तरी ही गावं आपला इतिहास अंगावर मिरवतात, शाळेच्या सहली येतात, तिकिटं विकली जातात. आपल्या दारात अगदी असंच एक शहर आहे आणि आपण तिथे फार तर मावा जिलेबी खायला जातो. जिलेबी चांगलीच असते, तक्रार तिच्याबद्दल नाही.

सुरुवात मात्र बुऱ्हाणपुरात होत नाही, थाळनेरात होते. शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं थाळनेर. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा नावाच्या सरदाराला हा मुलूख दिला. दिल्ली कमजोर झाली तसा मलिक राजा स्वतंत्र झाला. हेच फारुकी घराणं. १३९९ मध्ये तो वारला. फारुकींच्या कबरी थाळनेरात आजही उभ्या आहेत, एक अष्टकोनी कबर तर फारच देखणी आहे. मलिक राजाचा मुलगा नसीरखान. त्याने अशीरगड घेतला आणि १४०० च्या सुमारास तापीच्या उत्तर काठावर नवं शहर वसवलं. नाव दिलं खुलदाबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. पलीकडच्या काठावर झैनाबाद, तेही एका संताच्या, झैनुद्दीन यांच्या नावाने. ‘खानदेश’ हे नावच या खानांवरून पडलं असं बरेच जण मानतात. काही जण ‘कान्हदेश’ म्हणतात. त्या वादात आज शिरत नाही, नाहीतर भाग तिथेच संपेल.

फारुकी फार मोठे राजे नव्हते. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला माळवा, खाली बहमनी. सतत कुणाला तरी सांभाळून घ्यायचं. पण त्यांनी दोनशे वर्षं काढली, आणि त्यांच्या राजवाड्याच्या भिंती, म्हणजे शाही किल्ला, आजही तापीच्या उंच काठावर आहेत. खालून, नदीच्या पात्रातून बघा. वरून बघितलं तर फक्त पडझड दिसते, खालून बघितलं की हे प्रकरण केवढं होतं ते कळतं.

गावाच्या मधोमध जामा मशीद आहे. फारुकींपैकी राजा अलीखानाने ती बांधली. समोरून सलग पंधरा कमानी. आत गेल्यावर एक दगड शोधा, कारण त्यावर संस्कृतात लेख आहे. मशिदीत, देवनागरीत, संस्कृत! राजाची वंशावळ आणि बांधकामाची तारीख विक्रम संवत आणि शक वर्षात दिली आहे. हिशेब केला तर जानेवारी १५९० येतो. अरबी लेखही आहेच. हे असं का केलं असेल? माझा अंदाज साधा आहे. तारीख आणि वंश ज्यांना वाचून दाखवायचे होते, ती गावातली बरीच माणसं त्या लिपीत लिहीत होती.

हाच राजा अलीखान १५९७ मध्ये मोगलांच्या बाजूने दख्खनी फौजांशी लढताना मारला गेला. त्याच्या मुलाचं अकबराशी बिनसलं, अकबर स्वतः बुऱ्हाणपुरात आला, आणि जानेवारी १६०१ मध्ये अशीरगड पडला. फारुकी संपले. अकबराने सुभ्याचं नावही बदललं होतं, मुलगा दानियाल याच्यावरून ‘दानदेश’. दानियाल इथेच १६०५ मध्ये दारूपायी मेला. नाव काही टिकलं नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण बुऱ्हाणपुरात बघण्यासारखं सगळ्यात मोठं काम जमिनीखाली आहे.

मोगलांनी दख्खन जिंकायची म्हणून इथे मोठी छावणी ठेवली. सुभेदार होता अब्दुर रहीम खानखाना, शाळेत हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे पाठ केले तोच रहीम. शहर वाढलं, फौज वाढली, हत्ती-घोडे वाढले. नदी उशाशी, पण पात्र खाली खोल आणि गाव वर. उन्हाळ्यात तापी कशी होते ते आपल्याला सांगायला नको. मग १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली एक योजना झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारं पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत येतं. ते वाटेतच अडवायचं, जमिनीखालच्या बोगद्यात घ्यायचं, आणि नुसत्या उतारावर शहरात आणायचं. पंप नाही, मोट नाही. ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या उभ्या कुंड्या, हवा खेळती राहावी आणि गाळ काढायला माणूस उतरता यावा म्हणून. अशा शंभराहून जास्त कुंड्या आहेत. यालाच कुंडी भंडारा किंवा खुनी भंडारा म्हणतात. इराणात ही पद्धत फार जुनी, तिकडे तिला कनात म्हणतात.

गंमत बघा, त्याच काळात रहीमचा कट्टर शत्रू मलिक अंबर आपल्या नव्या शहरात, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, असंच पाणी खेळवत होता. रणांगणावर समोरासमोर, आणि घरी दोघंही एकच काम करतायत.

कुंडी भंडाऱ्यात आज लिफ्टने खाली उतरता येतं. बोगद्याच्या भिंतींवर क्षारांचा पांढरा थर चढलाय आणि पायाखालून पाणी वाहतंय, चारशे वर्षांनंतरही. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं. ज्या गावांना आठवड्यातून एकदा नळ येतो त्यांनी हे बघायलाच हवं. आपल्यापैकी बरेच जण त्यात आले, काय?

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी बाहेरचे लोक बुऱ्हाणपुरात येतात. मुमताज महल.

शाहजहान १६३० मध्ये दख्खनच्या मोहिमेसाठी इथे आला. बंडखोर खानजहान लोदी आणि निजामशाही, दोन्ही निपटायचे होते. मुमताज सोबत होती. १७ जून १६३१ ला, चौदाव्या बाळंतपणात, ती इथे गेली. नदीपलीकडे झैनाबादच्या बागेत, आहुखान्याजवळ, तिला तात्पुरतं पुरलं. आहू म्हणजे फारसीत हरीण. ते हरणांचं शिकारखान होतं. डिसेंबरमध्ये तिचा देह आग्र्याला नेला, आणि ताजमहालचं पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. शाही किल्ल्यातला हमाम दाखवतात, छतावरची रंगीत नक्षी अजून थोडी शिल्लक आहे. गाईड सांगतो की ताजचं चित्र याच छतावर आधी काढलं होतं. ऐकून घ्यायचं, मान डोलवायची.

पण गाईड एक गोष्ट सांगत नाही. त्या दोन वर्षांत, १६३० ते १६३२, गुजरात आणि खानदेशात भयंकर दुष्काळ होता. इतिहासात तो मोठ्या दुष्काळांपैकी एक गणला जातो. पाऊस गेला आणि लोक किड्यामुंगीसारखे मेले. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून आग्र्याला निघाला होता, आपल्याच नंदुरबार-बुऱ्हाणपूरच्या वाटेने. रस्त्याकडेला पडलेली प्रेतं, ओस पडलेली गावं, पोरं विकणारे आईबाप, असं सगळं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे हमामाच्या छतावर फुलं रंगलेली, आणि बाहेर तापीच्या खोऱ्यात आपल्या खापरपणजोबांचे खापरपणजोबा अन्नाविना मरतायत.

बादशहाने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथे अन्नछत्रं उघडली. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५ हजार रुपये गरिबांना वाटले, वीस सोमवार, म्हणजे एकूण १ लाख. साराही बराच माफ केला. पण त्याच लाहोरीने ताजमहालचा खर्च ५० लाख दिलाय. आणि उत्तरेत जिथे धान्य होतं, तिथून ते बुऱ्हाणपूरच्या आसपास जमलेल्या फौजेच्या पोटात जात होतं. राजाचा मुक्काम गावात असणं म्हणजे काय, ते यातून कळतं. दुकानं चालतात, विणकरांना काम मिळतं, तवर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या लिहितो की इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जायचं. पण पाऊस गेला की आधी जेवणार कोण, तेही तो मुक्कामच ठरवतो.

मला विचाराल तर आहुखान्यात उभं राहून मुमताजसाठी वाईट वाटायला हरकत नाही. अडतिसाव्या वर्षी चौदावं बाळंतपण, लष्करी छावणीत. वाईटच. फक्त त्याच श्वासात मंडीने पाहिलेली वाटही आठवा. तिथे कुणी दगड लावलेला नाही.

मराठ्यांशी नातं? संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला १६ जानेवारी १६८१ ला, आणि दोनच आठवड्यांत मराठी फौज बुऱ्हाणपूरच्या श्रीमंत पेठेत, बहादूरपुऱ्यात, शिरली. तीन दिवस लूट चालली. तटाच्या आतले मोगल काही करू शकले नाहीत. शहरातल्या मौलवींनी औरंगजेबाला कळवलं की रक्षण होत नसेल तर आम्ही शुक्रवारची नमाज बंद करू. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात दाखल झाला. बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांकडे पळाला होता, ते मोठं कारण, पण ही लूटही त्याच्या मनात असणारच. इथून तो खाली उतरला तो परत उत्तरेत कधी गेलाच नाही.

मग १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे, पुढे शिंद्यांकडे, आणि १८६० मध्ये इंग्रजांकडे. इथेच आपला धागा तुटतो. उरलेला खानदेश १८१८ पासून मुंबई इलाख्यात होता, आणि बुऱ्हाणपूर मिळालं ते मध्य प्रांतात गेलं, निमाड जिल्ह्यात. कुणी मुद्दाम केलं नाही, कचेऱ्यांची सोय बघितली गेली. भाषावार राज्यं झाली तेव्हा तीच रेघ कायम राहिली. २००३ मध्ये बुऱ्हाणपूर स्वतःचा जिल्हा झालं. तिथल्या बाजारात आजही मराठी कानावर पडते, लग्नं इकडे-तिकडे होतात, पण आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ते ‘शेजारचं राज्य’ आणि तिकडच्या पुस्तकात खानदेश ‘शेजारचं राज्य’.

जाणार असाल तर भुसावळहून गाडी पकडा. स्टेशन लालबागला आहे, गावापासून जरा लांब. कुंडी भंडारा त्याच बाजूला, तेव्हा आधी तो उरकून घ्या, मग रिक्षाने गावात. जामा मशीद, शाही किल्ला, हमाम. शाहनवाजखानाची कबर, जिला लोक काळा ताजमहाल म्हणतात. हा रहीमचा मुलगा. इमारत छोटी आहे, आग्र्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका, पण शांत आहे. गुरू गोविंदसिंगांच्या मुक्कामाची आठवण सांगणारा गुरुद्वारा आणि बोहरा समाजाचा दर्गा-ए-हकीमी हेही इथेच. मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारले, त्यांची छत्री गावाबाहेर नदीकाठी आहे. आहुखाना सगळ्यात शेवटी ठेवा, पलीकडच्या काठावर जावं लागतं आणि अंधार पडल्यावर तिथे काही दिसत नाही. पाण्याची बाटली सोबत घ्या.

पुढच्या भागात परत थाळनेरला जाऊ. फेब्रुवारी १८१८, होळकरांचा किल्लेदार तुळशीराम मामा, आणि सर थॉमस हिस्लॉपने त्याला दिलेली फाशी. तोपर्यंत, या भो, भेटू मेहरूणला.