पायाची गंभीर इजा : पाय काढणे की वाचवणे

ट्रकचे चाक पायावरून गेले किंवा पाय यंत्रात सापडला, तर हाड, स्नायू, नसा आणि कातडी एकदमच चिरडली जातात. असा पाय काढावा की वाचवावा, हे ठरवायला वेळ फारसा नसतो. सुमारे सहा तास रक्तपुरवठा बंद राहिला, तर स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात.

१९९० साली ‘मेस’ ही गुणपद्धती आली. इजेचा जोर, रक्तपुरवठा, शॉक आणि वय यांच्या गुणांची बेरीज ७ किंवा अधिक भरली, तर पाय काढावा असे ती सांगते. पुढे अमेरिकेतील आठ ट्रॉमा सेंटरमधल्या ‘लीप’ या अभ्यासात अशा बेरजांवर विसंबता येत नाही असे दिसले. तळपायाला टोचून डॉक्टर विचारतात, “कळतंय का?” उत्तर ‘नाही’ आले की पूर्वी पाय काढण्याकडे कल असे, परंतु वाचवलेल्या अशा पायांपैकी निम्म्याहून अधिक पायांत दोन वर्षांनी संवेदना पूर्ववत झाली होती. त्या एका ‘नाही’वर पाय काढू नये.

‘लीप’चे २००२ मधील निष्कर्ष आणखी विचार करायला लावणारे आहेत. दोन वर्षांनंतर पाय वाचवलेले आणि पाय काढलेले अशा दोन्ही गटांची हालचाल व दैनंदिन जीवन जवळपास सारखेच होते आणि कामावर परतलेलेही दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास होते. पाय वाचवलेल्यांपैकी ४७.६ टक्के, तर पाय काढलेल्यांपैकी ३३.९ टक्के रुग्णांना पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. गरिबी, कमी शिक्षण, आधार देणाऱ्या माणसांची उणीव यांनी मात्र दोन्ही गटांची प्रकृती सारखीच मागे खेचली.

कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये एस. राजशेखरन व सहकाऱ्यांनी उघड्या अस्थिभंगांसाठी वेगळी मोजणी बसवली : १४ पर्यंत पाय वाचवावा, १७ पासून काढावा. मधले १५ आणि १६ हे गुण त्यांनी अनुभवी शल्यचिकित्सकाच्या निर्णयावर सोडले, हे फार योग्य केले.

पाय काढल्यावर खर्च संपतो हा गैरसमज आहे. कृत्रिम पाय झिजतो, आयुष्यभर बदलावा लागतो. अमेरिकेत हा आजन्म खर्च पाय वाचवण्याच्या सुमारे तिप्पट निघाला. भारतात १९६८ पासूनच्या ‘जयपूर फूट’ने हे ओझे बरेच हलके केले. तो घालून अनवाणी चालता येते, चिखलात उतरता येते, उकिडवे बसता येते.

पाय वाचवायचे ठरले, तर घरच्यांनी एक गोष्ट त्याच दिवशी करावी : रुग्णाची बिडी-सिगारेट कायमची बंद करावी. धूम्रपानाने हाड उशिरा जुळते आणि त्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो.