स्वानुभवी व्यसनमुक्ती समुपदेशक

दारू किंवा अन्य मादक द्रव्यांच्या व्यसनातून स्वतः बाहेर पडून पुढे त्याच आजाराच्या रुग्णांचे समुपदेशन पगारी काम म्हणून करणारी व्यक्ती. व्यसनमुक्ती केंद्रात मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका आणि समाजकार्यकर्ते यांच्या जोडीने तिची नेमणूक असते. गटसभा घेणे, नव्या रुग्णाशी एकांतात बोलणे, घरच्यांना भेटणे, केंद्रातून परतलेल्यांचा पाठपुरावा ठेवणे आणि ‘स्लिप’ झालेल्याला, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे घसरलेल्याला, पुन्हा उपचारांकडे वळवणे ही तिची मुख्य कामे. औषधे देण्याचा अधिकार तिला नसतो. अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस (पुढे ‘एए’) या दारू सोडणाऱ्यांच्या परस्पर-साहाय्य संघटनेतील स्पॉन्सर (नव्या सभासदाचा पाठीराखा जुना सभासद), दारू सोडायला लावणारे कीर्तनकार किंवा गावकरी हे बिनपगारी असल्याने या नोंदीच्या कक्षेबाहेर राहतात. पगारावर येथे जाणूनबुजून भर दिला आहे. आपल्या आजाराचा अनुभव दुसऱ्याच्या कामी येतो हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्या अनुभवाला आस्थापना-पत्रकात जागा मिळणे ही नवी गोष्ट होती.

पूर्वपीठिका : एप्रिल १८४० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे एका गुत्त्यात बसलेल्या सहा पिणाऱ्यांनी दारू सोडण्याची शपथ घेतली. त्यातून निघालेल्या वॉशिंग्टोनियन चळवळीत सुधारलेला दारुडा व्यासपीठावर उभा राहून आपली कहाणी सांगे. जॉन हॉकिन्स आणि जॉन गफ हे तिचे नामवंत वक्ते. व्याख्याने हाच त्यांचा चरितार्थ झाला. १८४५ मध्ये गफ न्यूयॉर्कमध्ये काही दिवस बेपत्ता होऊन नशेच्या अवस्थेत सापडला. सोडावॉटरमध्ये कुणी गुंगीचे औषध घातले, असा खुलासा त्याने केला. तो खरा मानावा की नाही, यावर त्या वेळीच दोन तट पडले. चळवळ त्या दशकाच्या अखेरीस ओसरली.

इलिनॉय राज्यातील ड्वाइट येथे लेस्ली कीली याने १८७९ मध्ये ‘सुवर्णोपचार’ सुरू केला. औषधाची कृती त्याने गुप्त ठेवली. कीलीच्या शाखांत काम करणाऱ्या डॉक्टरांपैकी बरेच जण पूर्वी तेथेच रुग्ण होते. व्यसनोपचारांवर लिहिणारे डॉ. टी. डी. क्रॉथर्स यांनी १८९७ मध्ये या पद्धतीवर टीका केली : बरे झालेले लोक या कामात फार काळ टिकत नाहीत, काम सोडले नाही तर त्याच्या ताणानेच ते पुन्हा पिऊ लागतात. पुढच्या शंभर वर्षांत हाच आक्षेप शब्द बदलून पुन्हा पुन्हा घेतला गेला.

बॉस्टन : या पेशाची सलग परंपरा बॉस्टनच्या इमॅन्युएल चर्चपासून सांगता येते. १९०६ मध्ये तेथील धर्मोपदेशक एल्वुड वूस्टर आणि सॅम्युएल मॅकोम यांनी डॉक्टरांच्या साहाय्याने मज्जाविकार व दारूचे व्यसन यांवर मानसोपचार देणारे केंद्र उघडले. कोर्टने बेलर १९११ मध्ये तेथे रुग्ण म्हणून आला आणि बरा झाल्यावर तेथेच उपचारक म्हणून कामाला लागला. वैद्यकाची किंवा मानसशास्त्राची पदवी त्याच्याकडे नव्हती. पिण्याच्या मुळाशी शरीर-मनाचा सततचा ताण आहे, असे तो मानी. अंग सैल सोडण्याचा सराव, विचारांची नवी वळणे आणि दीर्घकाळच्या भेटी अशी त्याची रीत होती. त्याचे पुस्तक १९१९ मध्ये निघाले. ज्याला आधुनिक अर्थाने पगारी स्वानुभवी समुपदेशक म्हणता येईल असा हा पहिला माणूस, असे अनेक अभ्यासक मानतात. कीलीकडचे रुग्ण-डॉक्टर हे आधी डॉक्टर होते, हे लक्षात घेतल्यास ही मांडणी मान्य करायला हरकत नाही.

बेलरचा रुग्ण रिचर्ड पीबॉडी (१८९२–१९३६) हा बॉस्टनच्या एका प्रतिष्ठित घराण्यातला. बरा झाल्यावर त्यानेही स्वतःचा व्यवसाय थाटला. बेलरच्या पद्धतीतला धार्मिक भाग त्याने गाळला आणि शिस्त वाढवली. रुग्णाने दिवसाचे तासवार वेळापत्रक आदल्या रात्री कागदावर लिहायचे आणि ते पाळायचे, मग ठरलेली गोष्ट कितीही क्षुल्लक असो. स्वतःशी केलेला करार मोडण्याची सवय हाच व्यसनाचा गाभा आहे, असे त्यामागचे गृहीत होते. पीबॉडीचे ‘द कॉमन सेन्स ऑफ ड्रिंकिंग’ (१९३१) हे पुस्तक एएच्या संस्थापकांच्याही वाचनात होते. तो मृत्यूच्या वेळी पीत होता की नाही, याविषयी परस्परविरोधी सांगण्या आहेत. पीबॉडीकडे बरा झालेला फ्रान्सिस चेंबर्स पुढे फिलाडेल्फियात मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड स्ट्रेकर यांच्याबरोबर काम करू लागला. दोघांनी मिळून १९३८ मध्ये पुस्तकही लिहिले. डॉक्टर आणि माजी रुग्ण यांची नावे एकाच मुखपृष्ठावर येण्याचे हे आरंभीचे उदाहरण. रुग्णाने रुग्णाला घडवण्याची ही साखळी बेलर, पीबॉडी, चेंबर्स अशी तीन पिढ्या चालली. मग ती तुटली. तिची जागा एएने घेतली.

एए आणि पगाराचा प्रश्न : एएचा स्थापना दिवस १० जून १९३५ (ॲक्रन, ओहायो) मानला जातो. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलचे मालक चार्ल्स टाउन्स यांनी एएचा एक संस्थापक बिल विल्सन याला रुग्णालयात उपचारक म्हणून जागा, कचेरी आणि उत्पन्नात वाटा देऊ केला. विल्सन तेव्हा कफल्लक होता आणि पत्नीच्या कमाईवर घर चालले होते. त्याने ही आनंदाची बातमी संध्याकाळच्या सभेत सांगितली. जमलेल्यांचे चेहरे उतरले. हे काम पैशासाठी करू लागलास तर आमच्यातले आणि तुझ्यातले नाते उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. विल्सनने नोकरी नाकारली. एएच्या बारा परंपरांतील आठवी, म्हणजे एएचे काम कायम अव्यावसायिक राहील, ही याच अनुभवाचे फळ मानतात. मात्र परंपरेत सभासदाला अन्यत्र नोकरी करण्याची बंदी नाही. त्यामुळे दिवसा समुपदेशक आणि संध्याकाळी साधा सभासद अशी दुहेरी भूमिका रूढ झाली. अशांसाठी एएने मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत : या क्षेत्रात नोकरी धरण्यापूर्वी काही वर्षांची अखंड सोब्रायटी (दारूपासून अलिप्तता) असावी, आणि आपल्या रुग्णाचे स्पॉन्सर होऊ नये.

विलमार : मिनेसोटा राज्यातील विलमार येथे १९१२ पासून दारुड्यांसाठी सरकारी रुग्णालय होते, पुढे तेथे मनोरुग्णही ठेवले जाऊ लागले. १९५० नंतर अधीक्षक डॉ. नेल्सन ब्रॅडली आणि मानसशास्त्रज्ञ डॅनिएल अँडरसन यांनी दारूच्या रुग्णांचा विभाग वेगळा काढून त्याची दारे उघडी ठेवली. मग एएचे सभासद कर्मचारी म्हणून घ्यायचे ठरवले. अडचण कारकुनी होती. सरकारी नोकरीच्या यादीत असे पदच नव्हते. १९५४ मध्ये राज्याच्या सेवा आयोगाने ‘दारूच्या व्यसनाचा समुपदेशक’ हे पद निर्माण केले. पात्रता : माध्यमिक शिक्षण आणि दोन वर्षे दारूपासून अलिप्तता. ज्या आजारामुळे माणूस एरवी नोकरीतून निघतो, तोच येथे नोकरीची अट झाला. जुन्या कर्मचाऱ्यांचा विरोध तीव्र होता. काल वॉर्डात खाटेवर असलेला माणूस आज रुग्णाच्या कागदांवर शेरा लिहितो, हे परिचारिकांना पटेना.

विलमारची पद्धत त्याच राज्यातील हेझल्डन (स्थापना १९४९) या खाजगी संस्थेत गेली; अँडरसन १९६१ मध्ये तिचे संचालक झाले. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, धर्मोपदेशक आणि स्वानुभवी समुपदेशक यांनी एका टेबलाभोवती बसून रुग्णाचा विचार करायचा, या रचनेला पुढे ‘मिनेसोटा प्रतिमान’ असे नाव पडले. तिच्याविषयी लिहिताना एएच्या बारा पायऱ्यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. परंतु १९५४ ची वेतनश्रेणी हीच तिची अधिक टिकाऊ देणगी होय.

१९७० नंतर : आयोवाचे सिनेटर हॅरल्ड ह्यूझ स्वतः दारूतून बाहेर आलेले होते. त्यांच्या पुढाकाराने झालेल्या १९७० च्या कायद्यामुळे उपचारकेंद्रांना संघराज्याचा पैसा मिळू लागला आणि समुपदेशकांची मागणी एकदम वाढली. त्यापाठोपाठ राज्या-राज्यांत प्रमाणपत्रे, परीक्षा, प्रशिक्षणाचे तास आणि अखेर पदव्या आल्या. त्यामुळे या पेशातील स्वानुभवी व्यक्तींचे प्रमाण घटत गेले. अनुभवाला पुन्हा वेगळी जागा मिळाली ती ‘पीअर’ या नावाने. २००७ मध्ये मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजनेने पीअर साहाय्याचा खर्च देण्याची वाट मोकळी केली. तथापि पीअरचा दर्जा आणि पगार समुपदेशकाच्या खालचा आहे.

सिनॅनॉन : अमली पदार्थांच्या व्यसनींनी चालवलेली निवासी वसाहत, कॅलिफोर्निया, १९५८. पुढे तिचे पंथात रूपांतर होऊन हिंसाचाराची प्रकरणे घडली.

नार्कोटिक्स ॲनॉनिमस : अमली पदार्थांच्या व्यसनींची एएच्या धर्तीवरील संघटना, कॅलिफोर्निया, १९५३.

भारत : १९८० मध्ये मद्रास येथे शांती रंगनाथन यांनी टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन सुरू केले. तेथील समुपदेशक प्रामुख्याने समाजकार्य व मानसशास्त्राचे पदवीधर होते. १९८१ मध्ये मुंबईत वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन स्थापन केले. स्वतःच्या मद्यासक्तीविषयी ते जाहीरपणे बोलत आले आहेत. एएच्या बारा पायऱ्यांना त्यांनी बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगपद्धतीची जोड दिली. बरा झालेला रुग्णच पुढे केंद्र सांभाळतो, ही रीत कृपामार्फत अनेक राज्यांत गेली.

महाराष्ट्र : १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द म्हणजे ब्राउन शुगर पसरली. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांनी तिच्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानातर्फे आर्थिक साहाय्य देऊ केले. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट (मृत्यू १९९७) त्याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि केंद्राची घडी त्यांनीच बसवली. अवचटांच्या लेखणीमुळे मराठी वाचकांत मुक्तांगणची ओळख ‘बाबां’च्या, म्हणजे अनिल अवचटांच्या, नावाने अधिक झाली, उपचारपद्धतीच्या इतिहासात मात्र अनिता अवचटांचे स्थान आधी येते. बरे झालेल्या रुग्णांना कामावर घेणे हा त्यांच्या पद्धतीचा कणा होता. सुरुवातीला किरकोळ जबाबदारी, मग वॉर्डाची देखरेख, मग गटसभा आणि शेवटी समुपदेशन असा हा प्रवास असे. ज्याने घरातली भांडी विकून गर्द ओढली आहे त्याला नवा रुग्ण थापा मारू शकत नाही, हा यातला व्यावहारिक भाग. टर्की (नशा तुटल्यावरच्या वेदना) चालू असताना शेजारी बसलेला माणूस त्यातून गेलेला आहे, ही गोष्ट रुग्णाच्या दृष्टीने त्याहून मोलाची.

केंद्र पुढे स्वतःच्या इमारतीत गेले. अनिता अवचटांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी आईमागे काम हाती घेतले. निवासी उपचार सुमारे पाच आठवड्यांचे असतात. घरच्यांसाठी वेगळ्या सभा होतात आणि व्यसनमुक्तीचे वाढदिवस कुटुंबासह साजरे केले जातात. इतर संस्थांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारे विभागीय केंद्र म्हणूनही शासनाने मुक्तांगणला मान्यता दिली.

स्त्रिया : मुक्तांगणने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग काढला.

गोवा : येथील अनुभव या नोंदीच्या विषयाला छेद देणारा आहे. ‘संगत’ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, प्रमाणाबाहेर पिणाऱ्या पुरुषांसाठी थोडक्यातली समुपदेशनपद्धती तपासली. समुपदेशक स्थानिक होते. मानसोपचाराची पदवी त्यांच्याकडे नव्हती आणि व्यसनाचा पूर्वानुभव ही त्यांची अट नव्हती. लॅन्सेटमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ३७७ पुरुषांपैकी ज्यांना समुपदेशन मिळाले त्यांच्यातील ३६ टक्के तीन महिन्यांनी धोकादायक पातळीखाली आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. अर्थात यात व्यसनाच्या पूर्ण आहारी गेलेले रुग्ण वगळले होते. व्यसनमुक्ती केंद्रात भरती होणारा रुग्ण बहुधा त्यांच्यातला असतो.

परिणामकारकता : स्वानुभवी आणि इतर समुपदेशक यांची तुलना करणारे संशोधन प्रामुख्याने अमेरिकेतले आहे. जॅक कलब्रेथ यांनी २००० साली त्याचा आढावा घेतला. उपचारांच्या फलितात लक्षणीय फरक आढळत नाही. फरक आहे तो दृष्टिकोनात आणि कामाच्या पद्धतीत, असे त्यातून दिसते. दोन्ही बाजूंचे लोक हा आढावा आपल्या बाजूचा म्हणून दाखवतात.

आक्षेप : आपण ज्या वाटेने बरे झालो तीच एकमेव वाट, असा आग्रह हा सर्वांत जुना आक्षेप. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही व्यसनावरील उपचाराची औषधे घेणाऱ्या रुग्णाला ‘क्लीन’ न मानणे, हे त्याचे आजचे रूप. स्वतःची कहाणी किती सांगावी, याचा विवेक सर्वांना साधत नाही. समुपदेशकाची स्वतःची घसरण झाली तर संस्थेने त्याला रजा द्यावी, रुग्ण म्हणून घ्यावे की काढून टाकावे, यावर एकमत नाही. देशाच्या काही भागांत माजी व्यसनींनी नोंदणीशिवाय चालवलेल्या केंद्रांत डांबून ठेवणे व मारहाण यांच्या तक्रारी होऊन प्रकरणे न्यायालयांत गेली आहेत. त्याचे खापर ‘स्वानुभवा’वर फोडणे अन्यायाचे ठरेल; परवाना आणि देखरेख यांचा अभाव हे मुख्य कारण दिसते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मद्य व मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित मनोवस्थांचा समावेश मानसिक आजारात असल्याने अशी केंद्रे आता नोंदणीच्या कक्षेत येतात.

पात्रता : केंद्रशासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या पुनर्वसन केंद्रांत समुपदेशकपदासाठी पदवी अपेक्षित असते आणि बरे झालेल्यांसाठी ‘पीअर एज्युकेटर’ हे निराळे पद असते. एकाच गटसभेत शेजारी बसून हे दोघे जवळजवळ तेच काम करतात. मानधनात फरक असतो. २०२१ च्या संलग्न आरोग्यव्यवसायी आयोगाच्या कायद्यात समुपदेशकांच्या काही वर्गांचा समावेश झाला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ५.७ कोटी आहे; इतक्या रुग्णांना पदवीधर समुपदेशक पुरवणे नजीकच्या काळात शक्य नाही. त्यामुळे पीअर पदांची संख्या वाढवण्याकडे शासनाचा कल आहे.