म्हातारा, मासा आणि मराठी ‘कोळी’
‘द ओल्ड मॅन अँड द सी’ : कथानक, पात्रे, प्रतीके



अर्नेस्ट हेमिंग्वेच्या या कादंबरीवर परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असतो : प्रतीके स्पष्ट करा. उत्तरही ठरलेले असते. म्हातारा म्हणजे येशू, मासा म्हणजे ध्येय, शार्क म्हणजे संकटे. या उत्तराला गुण मिळतात, पण कादंबरी हातातून निसटते. म्हणून या पाठात आपण आधी इतिहास पाहू, मग कथानक व पात्रे, आणि प्रतीकांकडे सर्वांत शेवटी येऊ.

१. कादंबरी कुठून आली?

एप्रिल १९३६ मध्ये हेमिंग्वेने ‘एस्क्वायर’ मासिकात क्यूबाजवळच्या समुद्रातील मासेमारीवर एक लेख लिहिला. त्यात एक छोटी हकिकत आहे. एका म्हाताऱ्या कोळ्याच्या गळाला प्रचंड मार्लिन लागला आणि त्याने होडी दूर समुद्रात ओढत नेली. दोन दिवसांनी इतर कोळ्यांना तो सुमारे साठ मैल पूर्वेला सापडला. शार्क माशांनी मार्लिन खाऊन टाकला होता. निम्म्याहून कमी उरलेल्या माशाचे वजनही आठशे पौंड भरले. म्हातारा होडीत वेडापिसा होऊन रडत होता.

ही काही ओळींची हकिकत लेखकाने पंधरा वर्षे मनात ठेवली. १९५० साली आलेल्या त्याच्या आधीच्या कादंबरीवर समीक्षकांनी सडकून टीका केली होती. हेमिंग्वे संपला, असे बोलले जात होते. त्यानंतर हवानाजवळच्या आपल्या घरी त्याने ही छोटी कादंबरी लिहिली. १ सप्टेंबर १९५२ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात ती एकाच अंकात पूर्ण छापली गेली आणि दोन दिवसांत त्या अंकाच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९५३ मध्ये पुलित्झर पुरस्कार आणि १९५४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. १९३६ च्या हकिकतीत म्हातारा रडतो. कादंबरीत रडतो तो मुलगा. म्हाताऱ्याला कोणी वाचवायला येत नाही, तो स्वतः होडी किनाऱ्याला लावतो आणि झोपतो. घटना तीच ठेवून लेखकाने फक्त अश्रू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेले. साधन आणि साहित्य यांतला फरक समजून घ्यायला याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

२. कथानक

सांतियागोला चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा मिळालेला नाही. पहिले चाळीस दिवस मानोलिन हा मुलगा सोबत होता. नंतर आईवडिलांनी त्याला दुसऱ्या होडीवर पाठवले. पंच्याऐंशीव्या दिवशी म्हातारा एकटाच नेहमीपेक्षा खूप दूर जातो. दुपारी मार्लिन गळाला लागतो. दोन रात्री दोर पाठीवरून घेऊन तो टिकून राहतो आणि तिसऱ्या दिवशी मासा मारतो. मासा होडीपेक्षा दोन फूट लांब, म्हणजे अठरा फूट आहे. तो होडीत मावत नाही म्हणून बाजूला बांधावा लागतो. रक्ताच्या वासाने शार्क येतात. भाला जातो, सुरी मोडते, सोटा जातो. किनाऱ्याला पोचतो तो सांगाडा.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मी एक हिशोब करायला लावतो. म्हाताऱ्याच्या अंदाजाने मासा पंधराशे पौंडांहून जास्त. साफ केल्यावर दोन तृतीयांश उरेल आणि पौंडाला तीस सेंट भाव मिळेल. पुस्तकात तो म्हणतो की याला पेन्सिल हवी, आणि हिशोब सोडून देतो. तुम्ही करा : निदान तीनशे डॉलर. ज्याच्या झोपडीत रात्रीचे जेवण नाही, त्याच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ काय? हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून शार्कचा प्रसंग पुन्हा वाचा.

३. पात्रे

सांतियागो गरीब आहे, पण कामात काटेकोर. त्याचे दोर ठरलेल्या खोलीवर सरळ उतरतात. नशिबापेक्षा अचूकता बरी, म्हणजे नशीब येईल तेव्हा आपण तयार असू, असा त्याचा विचार आहे. मानोलिन त्याचा शिष्य आहे आणि सांभाळणाराही. दोघे रोज एक नाटक करतात : भात-माशाच्या भांड्याचे आणि फेकजाळ्याचे. भांडे नाही आणि जाळे केव्हाच विकले गेले आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. गरिबाची अब्रू राखण्याची ही रीत आपल्याकडच्या घरांतही तुम्ही पाहिली असेल. मार्लिन हे तिसरे पात्र. म्हातारा त्याला भाऊ म्हणतो आणि तरीही मारतो.

४. प्रतीके

कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर हेमिंग्वेने कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन यांना पत्रात कळवले होते की यात प्रतीके वगैरे काही नाहीत. समुद्र हा समुद्र आहे आणि म्हातारा हा म्हातारा. हे सगळेच्या सगळे खरे मानू नका. खांद्यावर डोलकाठी घेऊन चढ चढणारा, वाटेत पडणारा, जखमी तळहात वर करून झोपणारा माणूस लेखकाने नकळत लिहिलेला नाही. पण त्याच्या म्हणण्यातला धडा घ्या. दोराने कापलेला हात आधी हात आहे. तो दुखतो हे जाणवले नाही, तर तो कशाचे प्रतीक आहे याला अर्थ उरत नाही.

माझी एक चूक सांगतो. मी दिल्लीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. प्लेसमेंटच्या दिवसांत निराश मुलांना मी या कादंबरीतले एक प्रसिद्ध वाक्य सांगत असे : माणूस नष्ट होईल, पण हरणार नाही, अशा अर्थाचे. वसतिगृहाच्या भिंतीवर त्याचे पोस्टरही होते. सात मुलाखतींत नापास झालेल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, त्याच्या पुढचे वाक्य वाचले आहे का?” मी वाचले होते, पण विसरलो होतो. पुढच्याच वाक्यात म्हाताऱ्याला मासा मारल्याचा पश्चात्ताप होतो. आणि शेवटी तो मानोलिनला सरळ सांगतो की त्यांनी मला हरवले. मुलगा म्हणतो, माशाने नाही हरवले. म्हातारा ते मान्य करतो : नाही, ते नंतर झाले.

पोस्टरवर न मावणारा हा संवाद कादंबरीचा गाभा आहे. हरलो म्हणता येणे, आणि कोणाकडून व कुठे हरलो हे नेमके सांगता येणे. त्या दिवसापासून मी मुलांना पोस्टरचे वाक्य सांगत नाही, हा संवाद वाचून दाखवतो.

५. मराठीतला ‘कोळी’

१९६५ साली पु. ल. देशपांडे यांनी या कादंबरीचा मराठी अनुवाद केला. पुलंचा दिल्लीशीही संबंध आहे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, त्या सुरुवातीच्या काळात ते तिथे काम करत होते.

अनुवादाचे नाव ‘एका कोळियाने’. मराठीत कोळी म्हणजे मासेमारी करणारा आणि कोळी म्हणजे जाळे विणणारा जीवही. हे नाव ऐकताच मराठी वाचकाला शाळेत पाठ केलेली, पडून पुन्हा चढणाऱ्या कोळ्याची कविता आठवते. मूळ इंग्रजी नावात यातले काहीच नाही. एका शब्दाने पुलंनी कथेला नवे प्रतीक जोडले, तेही अगदी घरचे.

मात्र इथेही सावध राहा. कवितेतल्या कोळ्याचा प्रयत्न शेवटी यशस्वी होतो, सांतियागोचा मासा जातो. त्या कोळ्याकडे जाळे आहे, सांतियागोचे जाळे विकले गेले आहे. शीर्षक आपल्याला कथेच्या दारापर्यंत आणते. आतला माणूस त्याहून वेगळा आहे.

स्वाध्याय

१. शेवटी पर्यटक सांगाडा पाहून तो शार्कचा समजतात. हा प्रसंग वगळला तर कथेचे काय नुकसान होईल?
२. जुने कोळी समुद्राला स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी मानतात, मोटारबोटीवाले तरुण पुल्लिंगी. मराठीत ‘समुद्र’ आणि ‘दर्या’ दोन्ही पुल्लिंगी. अनुवाद उघडून ही अडचण कशी सोडवली आहे ते पाहा.
३. म्हातारा हरला की नाही? दहा ओळींत लिहा. ‘येशू’ हा शब्द वापरू नका.