रक्तदाबावरील औषधे व आकस्मिक मुखपक्षाघात
चेहऱ्याची एक बाजू अकस्मात लुळी पडण्याच्या विकाराला आयुर्वेदात ‘अर्दित’ म्हणतात. आनन तंत्रिकेच्या (सातव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या) विकारात कपाळासह अर्धा चेहरा दुर्बल होतो व त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही. मस्तिष्काघातात (लकव्यात) कपाळाची हालचाल बहुधा शाबूत राहते. हातपाय किंवा वाचा यांवरही अनेकदा परिणाम होतो. अज्ञात कारणाने होणारा तंत्रिकेचा पक्षाघात सर चार्ल्स बेल यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १८२१ मध्ये या तंत्रिकेविषयी संशोधन प्रसिद्ध केले होते.

या विकाराचा उच्च रक्तदाबाशी असलेला संबंध प्रथम १८६९ मध्ये सूचित झाला. ही तंत्रिका कवटीतील ज्या अस्थिनलिकेतून जाते तीत रक्तस्राव झाल्याचे वॉल्टर मॉक्सन यांनी एका वृक्करोग्याच्या बाबतीत नोंदविले. रक्तदाब मोजण्याचे सुटसुटीत साधन मात्र रीवा-रॉत्ची यांनी १८९६ मध्ये तयार केले.

औषधांच्या इतिहासात भारताचा वाटा मोठा आहे. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाब उतरविण्याचा गुण नोंदविला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध केले व या औषधीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये तिच्यापासून रेसर्पीन वेगळे करण्यात आले. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे थायझाइडे व नंतरची औषधे आल्यावर रेसर्पीन मागे पडले.

औषधे उपलब्ध झाली, तरी ती खेड्यांपर्यंत पोहोचणे हा वेगळा प्रश्न ठरला. चंद्रपूरपासून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या वनव्याप्त गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने २०११–१३ या काळात ८६ खेड्यांची पाहणी केली. तीत १,५९९ मृत्यूंपैकी २२९ (१४.३%) मस्तिष्काघाताने झाल्याचे आढळले, मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक पहिला होता. यांपैकी बहुतेक मृत्यू घरीच झाले. उच्च रक्तदाब हे मस्तिष्काघाताचे प्रमुख व टाळता येण्याजोगे कारण आहे.

म्हणून तोंड वाकडे झालेल्या प्रत्येक रुग्णाचा, विशेषतः बालकाचा, रक्तदाब मोजणे अगत्याचे असते. बेल पक्षाघातात पहिल्या ७२ तासांत दिले जाणारे प्रेडनिसोलोन रक्तदाब वाढवू शकते. मूळ कारण तीव्र रक्तदाब असल्यास त्यामुळे अपाय संभवतो. रक्तदाबावरील औषध वैद्यकीय सल्ल्यावाचून अचानक बंद करणेही धोक्याचे असते.