अंतर, वसतिगृह आणि प्रश्नपत्रिका

निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदावरीकाठचे गाव आज कांद्याच्या लिलावासाठी, पिंपळगाव बसवंत बाजार समितीच्या उपबाजारासाठी आणि पावसाळ्यात नदी फुगली की गावात शिरणाऱ्या पाण्यासाठी जिल्ह्यात ओळखले जाते. शिक्षणाच्या इतिहासात त्याचे नाव सहसा येत नाही. तरीही विद्यार्थी निवडून घेणाऱ्या माध्यमिक शाळांचा, म्हणजे येईल त्याला प्रवेश न देता परीक्षा, मुलाखत, शुल्क किंवा अन्य कसोटी लावून मोजक्या मुलांनाच आत घेणाऱ्या शाळांचा इतिहास अशा गावातून पाहिला, तर त्याचा क्रम शहरातून दिसतो त्याहून निराळा लागतो. शहरात निवड शाळेच्या दाराशी होते. गोदाकाठच्या गावांत ती मूल दारापर्यंत पोहोचण्याआधीच उरकलेली असे आणि ती करण्याचे काम अंतर करीत असे. लेखी प्रवेशपरीक्षा येथे पुष्कळ उशिरा आली, आणि आली ती या जुन्या अडथळ्यावरचा उपाय म्हणून.

परीक्षा घेऊन विद्वानाला निवडण्याची रीत मराठी मुलखाला अपरिचित नव्हती. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला दक्षिणा वाटली जाई, तेव्हा दूरदूरहून आलेल्या ब्राह्मणांची शास्त्रांत तोंडी परीक्षा होई आणि तिच्यावर दक्षिणेची रक्कम ठरे. सायखेड्यासमोर नदीपलीकडे असलेल्या चांदोरीच्या हिंगणे घराण्याने पेशव्यांची दिल्लीतील वकिली सांभाळली, त्यामुळे दरबारी विद्येचे मोल या परिसराला ठाऊक असणारच. पण ती विद्या आणि ती परीक्षा एका वर्णापुरती होती, आणि कुणब्याच्या मुलाने तिला बसण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

1855 मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते सुरू झाले आणि 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा या चित्राची चौकट बदलली. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा म्हणजेच मॅट्रिक 1859 मध्ये पहिल्यांदा घेण्यात आली, आणि तिच्यात उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते, ज्यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाडला, म्हणजे सायखेड्याच्या तालुक्याच्या गावीच झाला होता. या योगायोगाचा तालुक्याने अभिमान बाळगावा हे ठीकच आहे. मात्र रानड्यांचे शिक्षण निफाडला झाले नाही. वडिलांच्या नोकरीमुळे ते कोल्हापूरला वाढले, तेथील इंग्रजी शाळेत शिकले आणि 1856 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. वडील निफाडलाच राहिले असते, तर त्या पहिल्या यादीत हे नाव आले असते असे म्हणणे कठीण आहे.

त्या काळच्या शिक्षणाची शिडी समजून घेतल्याशिवाय हे अंतर नेमके कशाचे होते ते कळत नाही. गावच्या मराठी शाळेत चार इयत्ता झाल्या की पुढे दोन वाटा फुटत. पहिली वाट मराठीतूनच वर जाऊन व्हर्नाक्युलर फायनल या परीक्षेपाशी संपे, आणि ती उत्तीर्ण झालेल्याला प्राथमिक शिक्षकाची किंवा खालच्या पायरीवरची सरकारी नोकरी मिळण्याची आशा असे. दुसरी वाट इंग्रजी पहिलीपासून सुरू होऊन मॅट्रिकला पोहोचे आणि तेथून कॉलेज, वकिली, मुन्सफी यांचे दरवाजे उघडत. पहिली वाट गावाच्या आसपास चालता येई. दुसरीसाठी नाशिकसारख्या शहरात राहावे लागे, आणि राहण्यासाठी तेथे नातलग, वार लावून जेवू घालणारी घरे किंवा खोलीचे भाडे देण्याची ऐपत लागे. रेल्वे आली आणि खेरवाडी, कसबे सुकेणे ही स्थानके गोदाकाठच्या जवळ आली, तरी रोज आगगाडीने शाळेला जाणे शेतकऱ्याच्या मुलाच्या खिशाला आणि वेळेला परवडणारे नव्हते.

या व्यवस्थेवरचा सर्वांत अचूक आक्षेप जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात आढळतो. सरकारी शिष्यवृत्त्या चढाओढीच्या परीक्षेवर देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य भासली, तरी ज्या वर्गांत शिक्षण अजून पोहोचलेलेच नाही त्यांच्यात ते पसरवायला ती उपयोगी पडत नाही, आणि म्हणून शिष्यवृत्त्यांचा काही भाग अशा वर्गांसाठी राखून ठेवावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. समान प्रश्नपत्रिका असमान तयारीच्या मुलांपुढे ठेवली की निकाल आधीच ठरलेला असतो, हे त्यांनी बुद्धिमापनाचे शास्त्र जन्माला येण्यापूर्वी ओळखले होते. पुढील शतकभरात निवडीच्या शाळांविषयी जे वाद झाले ते बहुतेक याच मुद्द्याभोवती फिरत राहिले, आणि त्यांतील फारच थोड्यांनी फुल्यांच्या पुढे पाऊल टाकले.

ग्रामीण समाजाने यावर काढलेला पहिला तोडगा परीक्षेचा नव्हता, तो राहण्याजेवणाचा होता. 1914 मध्ये नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था स्थापन झाली. रावसाहेब थोरात, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे, गणपतदादा मोरे अशा मंडळींनी ती उभारली आणि वाढवली, आणि तिच्या कामाच्या केंद्रस्थानी खेड्यातून आलेल्या मुलांची बोर्डिंगे होती. नाशिकच्या उदोजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला 1920 मध्ये छत्रपती शाहू महाराजांच्या हस्ते बसवण्यात आली. बोर्डिंगने शाळेचा दर्जा ठरवला नाही की अभ्यासक्रम बदलला नाही. तिने अंतर तेवढे काढून टाकले, आणि तेवढ्याने निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांची मुले हायस्कुलाच्या वर्गात बसू लागली. याच काळात पिंपळगाव बसवंतला बालपण गेलेले वि. वा. शिरवाडकरही पुढील शिक्षणासाठी नाशिकलाच गेले. पुढे संस्थेने उलट दिशेने पाऊल टाकले आणि मोठ्या गावांत स्वतःची माध्यमिक विद्यालये काढली, तेव्हा बोर्डिंगची गरज हळूहळू ओसरली.

नाशिकच्या आसपास त्याच सुमारास वेगळ्या घडणीच्या दोन निवासी शाळाही उभ्या राहिल्या. देवळालीची बार्न्स शाळा 1925 मध्ये सुरू झाली. ती चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी 1815 मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकाराने निघाली होती, आणि शाळा मुख्यतः युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. दुसरी शाळा 1937 मध्ये डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी काढलेली भोसला मिलिटरी स्कूल. लष्करातील अधिकारपदे हिंदी तरुणांना मिळावीत यासाठी नेमलेल्या सरकारी समित्यांवर मुंजे यांनी काम केले होते आणि 1931 मध्ये इटलीत मुसोलिनीची भेट घेऊन तेथील युवक-संघटना पाहिल्या होत्या. त्या राजकारणाचे मूल्यमापन इतिहासकार आजही कठोरपणे करतात आणि ते करणे योग्यच आहे. प्रस्तुत विषयापुरते महत्त्वाचे इतकेच की या दोन्ही शाळा सायखेड्यापासून बैलगाडीच्या टप्प्यात असूनही एकीची निवड वंश व शुल्कावर आणि दुसरीची शुल्क व ध्येयावर होती, त्यामुळे गोदाकाठच्या सामान्य शेतकऱ्याला दोन्ही सारख्याच दूर होत्या.

गावातल्या मुलाच्या हाती छापील प्रश्नपत्रिका खऱ्या अर्थाने आली ती शिष्यवृत्ती परीक्षेमुळे. 1954-55 पासून चौथी आणि सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतली जाऊ लागलेली ही परीक्षा कोणत्याही शाळेत प्रवेश देत नव्हती. ती थोडी रक्कम आणि पुष्कळसा मान देत असे. तिच्यातील मराठी व गणिताचे पेपर शिक्षकांना ओळखीचे होते, बुद्धिमत्ता चाचणी मात्र नवी होती. अल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये तयार केलेली चाचणी मुळात शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी होती, डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात मराठी व कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. मागे पडलेल्यांना हुडकण्याचे साधन पुढे गेलेल्यांना वेचण्यासाठी वापरले गेले, हा उलटा प्रवास महाराष्ट्रापुरता नाही, तो जगभर झाला. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने, जिची स्थापना 1962 मध्ये डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी केली, 1969 मध्ये प्रशाला सुरू केली तेव्हा प्रवेशासाठी अशाच चाचण्यांचा आधार घेतला.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेने खेड्यात एक संस्था जन्माला घातली, जिची नोंद कोणत्याही शासकीय दप्तरात नाही: जादा तास. ‘स्कॉलरशिपला बसवायची’ मुले शिक्षक स्वतः निवडीत, शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर त्यांना थांबवीत, जुन्या प्रश्नपत्रिका फळ्यावर उतरवून सोडवून घेत, आणि त्यासाठी बहुधा पैसे घेत नसत. गुणवत्ता यादीत मूल आले की शाळेचे आणि गुरुजींचे नाव तालुक्यात होई, हाच मोबदला. निवडीचा पहिला अधिकार त्यामुळे चौथीच्या गुरुजींकडे गेला, आणि ज्याला त्यांनी बसवलेच नाही त्याच्या नापास होण्याची नोंदही झाली नाही. 1959 मध्ये स्थापन झालेल्या नवनीतसारख्या प्रकाशनांची मार्गदर्शके आणि सराव प्रश्नसंच पुढे घरोघरी पोहोचले, तेव्हा हा अधिकार काही प्रमाणात पालकांकडे आला. 2016-17 पासून ही परीक्षा पाचवी व आठवीला नेण्यात आली.

परीक्षेच्या बळावर थेट निवासी शाळेत प्रवेश देणारी वाट सरकारने दोन टप्प्यांत काढली. देशातील पहिले सैनिकी विद्यालय 23 जून 1961 रोजी साताऱ्यात सुरू झाले, ज्याचा हेतू खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी मुले घडवण्याचा होता. अधिक व्यापक परिणाम झाला तो जवाहर नवोदय विद्यालयांचा, कारण ती प्रामुख्याने खेड्यासाठीच कल्पिलेली होती. 1985-86 मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिली दोन विद्यालये निघाली, 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने योजनेला आधार दिला आणि त्यानंतर नाशिक जिल्ह्याचे विद्यालय दिंडोरी तालुक्यातील खेडगावला आले. सहावीच्या 80 जागांपैकी किमान 75 टक्के ग्रामीण भागातील मुलांसाठी, एक तृतीयांश मुलींसाठी, तसेच अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा, अशी तिची रचना आहे. फुल्यांनी शिष्यवृत्त्यांच्या बाबतीत जे मागितले होते, ते शंभराहून अधिक वर्षांनी प्रवेशाच्या नियमात आले.

प्रश्नपत्रिकेची घडणही त्याच विचाराने झाली. दोन तासांत 80 प्रश्न सोडवायचे असतात. 40 मानसिक क्षमतेचे, 20 अंकगणिताचे आणि 20 भाषेचे, एकूण 100 गुण. मानसिक क्षमतेच्या भागात जवळजवळ शब्द नाहीत: वेगळी आकृती ओळखणे, अपुरी आकृती पूर्ण करणे, आकृत्यांची मालिका पुढे नेणे, आरशातील प्रतिमा, घडी घालून छिद्रे पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल ते ओळखणे, असे दहा प्रकार आणि प्रत्येकाचे चार प्रश्न. घरात पुस्तके नसलेल्या मुलाला शब्दसंपत्तीचा तोटा होऊ नये, ही त्यामागची कल्पना. ती अर्धीच खरी ठरली, कारण आकृत्यांचे प्रकार ठरावीक असल्याने त्यांचा सराव करून घेता येतो, आणि जे शिकवता येते त्याचे वर्ग निघतात. शिवाय ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते, त्यामुळे चौथीपासूनच तयारीला लागण्याची घाई वाढते. महाराष्ट्रात ती साधारण जानेवारीत आणि शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीत येत असल्याने दोन्हींचा अभ्यास निफाड तालुक्यात द्राक्षांचा हंगाम सुरू होण्याच्या आणि रांगडा कांदा बाजारात येण्याच्या दिवसांतच चालतो. घरातील मोठी माणसे तेव्हा मळ्यात असतात, हे दिल्लीत वेळापत्रक आखणाऱ्यांच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची चाळणी लावण्यास मनाई केली, पण त्याच कायद्याने नवोदय, सैनिकी व केंद्रीय विद्यालयांना ‘विनिर्दिष्ट प्रवर्ग’ म्हणून वेगळे ओळखले आणि नवोदयची प्रवेशपरीक्षा पुढेही चालू राहिली. अर्जासोबतच्या अटींनी मात्र गोदाकाठचा जुना हिशेब उलटवला. ग्रामीण जागेवर हक्क सांगायचा तर मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेतच काढलेली असावी लागतात, आणि या काळात एक दिवस जरी तो शहरातील शाळेत शिकला असला तरी त्याची गणना शहरी उमेदवारांत होते. ज्या सायखेड्याच्या बापाला एके काळी मुलाला मॅट्रिक करण्यासाठी नाशिकला ठेवावे लागे, त्याच्या नातवाने नाशिकच्या शाळेत तिसरीला नाव घातले, तर खेडगावची ग्रामीण जागा त्याच्यासाठी बंद होते.