कथाबीजाचं कूळ

मराठी विषय घेऊन शिकलेल्या कुणालाही कथेचे घटक विचारले, तर यादी बहुधा तोंडपाठ येते : कथाबीज, कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, संवाद, भाषाशैली. परीक्षेच्या उत्तरात ही सगळी मंडळी एका रांगेत, एकाच वयाची असल्यासारखी उभी असतात. प्रत्यक्षात त्यांची वयं वेगळी आणि गावंही वेगळी. बीज भरताच्या नाट्यशास्त्रातलं. कथानक आणि पात्र यांची पहिली मांडणी अथेन्समधली. संघर्षाचा नियम झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये. आणि यांतले बहुतेक घटक कागदावरच्या कथेसाठी घडवलेलेच नव्हते. ते रंगभूमीच्या गरजेतून आले.

हे साहजिकच होतं. वाचणारा पुस्तक मिटून ठेवतो आणि उद्या पुन्हा उघडतो. नाटकाचा प्रेक्षक मात्र समोर बसलेला असतो. त्याचं लक्ष कुठे सुटतं, कुठे परत येतं, हे नाटक करणाऱ्यांना त्याच दिवशी कळतं. म्हणून गोष्ट उकलून तिचे सांधे मोजण्याचं काम आधी नाटकवाल्यांनी केलं.

नाट्यशास्त्र साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं मानलं जातं. त्यात कथावस्तूचा विचार तीन पंचकांत केला आहे. बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य या पाच अर्थप्रकृती, म्हणजे गोष्ट ज्यातून घडते ती सामग्री. आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या पाच अवस्था, म्हणजे फळाच्या दिशेने निघालेल्या माणसाच्या प्रवासाचे टप्पे. आणि मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण हे पाच संधी, म्हणजे नाटकाच्या अंगाचे जोड. पताका म्हणजे मुख्य कथेला लांबवर साथ देणारं उपकथानक. रामकथेत सुग्रीवाचं आहे तसं. प्रकरी म्हणजे थोडा वेळ येऊन जाणारा प्रसंग, जटायूचा आहे तसा. या दोन्हींवर जास्त रेंगाळायला नको. खरी खोली आहे ती बीज आणि बिंदू यांत.

दहाव्या शतकात माळव्यात, मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयाने ‘दशरूपक’ लिहून भरताचा हा पसारा आटोपशीर केला. त्यावर धनिकाने ‘अवलोक’ ही टीका लिहिली. धनिकाने उदाहरणांसाठी पुन्हापुन्हा जे नाटक हाती घेतलं, ते सातव्या शतकातल्या हर्षाची ‘रत्नावली’. चार अंकांची ही नाटिका समोर ठेवली की भरताच्या संज्ञा पाठ करण्याची गरजच उरत नाही.

वत्सदेशाचा राजा उदयन. त्याचा मंत्री यौगंधरायण. सिंहलच्या राजकन्येशी जो लग्न करील तो सार्वभौम होईल, असं भविष्य मंत्र्याच्या कानावर आलेलं. तो खटपट करून राजासाठी तिला मागणी घालतो, ती निघते आणि समुद्रात जहाज फुटतं. एका फळीच्या आधाराने ती वाचते. कौशांबीचा एक व्यापारी गळ्यातली रत्नमाला पाहून तिला ओळखतो आणि मंत्र्याकडे पोहोचवतो. मंत्री तिची ओळख न सांगता तिला राणी वासवदत्तेच्या हवाली करतो. सागरातून आलेली म्हणून नाव पडतं सागरिका. हे सगळं नाटक सुरू होता होता यौगंधरायणाच्या तोंडून थोडक्यात कळतं. हेच बीज. आकाराने लहान, सुरुवातीलाच पेरलेलं, पुढे अनेक अंगांनी पसरणारं. त्यात मंत्र्याचा हेतू आहे, दैवाची साथ आहे, आणि शेवटी जे व्हायचं आहे तेही दडलेलं आहे.

मग वसंतोत्सव. मदनाची पूजा चालली आहे. सागरिका लपून पाहते, राजाला पाहून साक्षात मदनच आला असं समजते. पूजा संपते. इथे गोष्टीचा धागा तुटायला हरकत नव्हती. उत्सव झाला, लोक घरी गेले. पण भाटाच्या गाण्यातून तिला कळतं की हा उदयन आहे, वडिलांनी आपल्याला ज्याला द्यायचं ठरवलं होतं तोच हा. धनिक म्हणतो, हा बिंदू. पाण्यावर पडलेला तेलाचा थेंब पसरत जातो, तसा तो तुटू पाहणारी कथा पुढे पसरवतो. कथालेखनावरच्या कितीतरी नव्या पुस्तकांत इतकं नेमकं निरीक्षण मला सापडलेलं नाही. प्रसंग संपला की कथा संपण्याचा धोका असतो, हे या माणसांना माहीत होतं. त्या जागेसाठी त्यांनी वेगळी संज्ञाच करून ठेवली.

दुसऱ्या अंकात सागरिका राजाचं चित्र काढते, मैत्रीण सुसंगता शेजारी तिचं चित्र काढते. पिंजऱ्यातून सुटलेली सारिका दोघींचं बोलणं जसंच्या तसं बोलून दाखवते आणि ते राजाच्या कानावर जातं. बीजाला कोंब फुटला, पण चित्रफलक राणीच्याही नजरेला पडला. तिसऱ्या अंकात राणीच्या वेषात सागरिका भेटायला यायची ठरते आणि तिच्याआधी खरी राणीच येऊन उभी राहते. सागरिका वेलीचा फास करून घेते. राजा तिला राणी समजून वाचवायला धावतो आणि हातात येते ती सागरिका. फळ मिळालं असं वाटावं, निसटावं, पुन्हा शोधावं : हा गर्भसंधी. चौथ्या अंकात सागरिका कैदेत, मग जादूगाराची खोटी आग, राजाची झेप आणि विदूषकाच्या गळ्यातली रत्नमाला पाहून सिंहलच्या मंत्र्याने धरलेली ओळख. पहिल्या अंकाआधीच फुटलेलं जहाज आणि ती माळ, दोन्ही इथे कामाला येतात. निर्वहण म्हणजे हेच : विखुरलेलं सगळं एका कार्यात आणून जोडणं.

हा आराखडा पुढे साचा बनण्याचा धोका होताच. संधींची तब्बल ६४ अंगं मोजून ठेवलेली. ती भरून काढण्यासाठी प्रसंग घुसडले जाऊ लागले. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त यावर स्पष्ट बोट ठेवलं : संधी आणि त्यांची अंगं रसासाठी योजावीत, केवळ शास्त्राची आज्ञा पाळायची म्हणून नव्हे. उदाहरण दिलं ‘वेणीसंहार’ या नाटकाच्या दुसऱ्या अंकातलं, जिथे यादीत ‘विलास’ आहे म्हणून तो रसाला न जुमानता आणला गेला. अकराशे वर्षांपूर्वीची ही टीका आजच्या कुठल्याही कथास्पर्धेच्या परीक्षकाने भिंतीवर लावावी अशी आहे.

अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेचे सहा घटक सांगितले : कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. कथानकाला त्याने शोकात्मिकेचा आत्मा म्हटलं. आदी, मध्य, अंत ही त्याचीच मांडणी. गाठ बांधणं आणि सोडवणं हीही त्याचीच. कथा छापील झाली तेव्हा संगीत आणि दृश्य गळाले आणि बाकीचे चार पुस्तकात आले. त्याचा काव्यशास्त्राचा ग्रंथ सिरियाकमधून अरबीत गेला, तिथून लॅटिनमध्ये, आणि १५०८ साली व्हेनिसमध्ये मूळ ग्रीकमध्ये छापला गेला. वातावरण मात्र या यादीत नाही. स्थळकाळाला स्वतंत्र घटकाचा मान दिला तो कादंबरीने. अमेरिकेत १९०२ साली आलेल्या ब्लिस पेरीच्या गद्यकथेवरील पुस्तकात पात्रं, कथानक आणि वातावरण यांना स्वतंत्र प्रकरणं आहेत.

राहिला संघर्ष. शिकवताना ज्याच्यावर सर्वांत जोर दिला जातो, तो वयाने सर्वांत लहान. हेगेलने नाटकातल्या टकरीचा विचार मांडला होता. १८६३ साली जर्मन कादंबरीकार गुस्ताव फ्रायटागने पाच भागांचा चढउतार आखून दाखवला. ते शिखर आजही फळ्यावर काढलं जातं, पण त्याने ते आखलं होतं गंभीर नाटकांसाठी. १८९४ साली फर्दिनां ब्रुनेतिएरने इच्छाशक्ती आणि तिच्या आड येणारे अडथळे यांना थेट रंगभूमीचा नियम म्हटलं. इंग्लंडमध्ये विल्यम आर्चरने १९१२ साली त्याला हरकत घेतली : कित्येक थोर नाटकांत असा झगडा दिसतच नाही. हरकत मागे पडली, नियम मात्र लघुकथेच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसला.

महाराष्ट्रात हे दोन्ही प्रवाह येऊन मिळाले. नाट्यशास्त्राची आवृत्ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १८९४ साली काव्यमालेत काढली, म्हणजे ब्रुनेतिएरने आपला नियम मांडला त्याच वर्षी. पण मराठी कथेची घडण पाश्चात्त्य वाटेने झाली. ना. सी. फडके यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहिलं आणि गुंफण, उत्कंठा, कलाटणी यांची गोडी एका पिढीला लावली. पुढे विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं, र. पं. कंगले यांनी ‘दशरूपविधान’मधून भरताचे वस्तुविचाराचे अध्याय उलगडले. तोवर गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने तंत्राची ती चौकट मोडली होती.

या सगळ्या देवघेवीत एक नुकसान झालं. आपण यादीत बीज ठेवलं आणि त्याचा जोडीदार, कार्य, सोडून दिला. त्यामुळे कथाबीज म्हणजे ‘गोष्टीची कल्पना’ एवढाच अर्थ उरला. भरताच्या हिशेबात बीजाला अर्थ येतो तो फळामुळेच. शेवटी जे हाती आलं ते सुरुवातीला पेरलेलं होतं का, ही त्याची कसोटी, आणि ती झगड्याच्या कसोटीपेक्षा अधिक गोष्टींना लागू पडते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ या १९४९ सालच्या पुस्तकातला धर्मा रामोशी घ्या. म्हाताऱ्याला एक जुनं धोतर मिळतं, आणि शेवटी ते त्याच्या लेकीच्या अंगावर दिसतं. प्रतिपक्ष कुणी नाही, टक्कर नाही, फ्रायटागचं शिखर कुठे मांडावं ते सांगता येत नाही. बीज आणि कार्य मात्र अगदी बोट ठेवून दाखवता येतात.