नाताळच्या तबकड्या आणि लष्करी बँड

माझ्या कपाटात ७८ फेऱ्यांच्या एकूण ४१ तबकड्या आहेत. त्यातल्या ११ नाताळच्या. त्यांच्यावर गाणारं कोणी नाही, फक्त फौजेचे बँड वाजतात. घरी आलेला पाहुणा त्या पाहतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "सर, तुम्ही उर्दूचे शिक्षक, मुसलमान माणूस. हे नाताळचं काय काढलंत?" विचारणाऱ्यांत मोहल्ल्यातले असतात, तसे शाळेतले हिंदू सहकारीही असतात. उत्तर थोडं लांब आहे, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, इंग्रजांच्या काळात देवळालीच्या छावणीत एका पलटणीच्या बँडमध्ये क्लॅर्नेट वाजवायचे. इंग्रज गेले, नोकरी गेली, आणि दादा लग्नाच्या बँडमध्ये आले. वरातीत वाजवायचं, लाल कोट घालायचा, मालक देईल ते घ्यायचं. अब्बांना शाळेत मुलं 'बाजेवाले का लडका' म्हणून चिडवत. पुढे अब्बा शिकले, कारकून झाले. दादांचा इंतकाल झाल्यावर त्यांनी क्लॅर्नेट विकून टाकली आणि घरात तो विषय बंद झाला. मला दादांबद्दल ठाऊक होतं ते दादीकडून ऐकलेलं एवढंच, की डिसेंबर आला की साहेबांच्या मेसमध्ये बँडला रोज वाजवायला लागायचं आणि दादा रात्री उशिरा केकचा तुकडा रुमालात बांधून आणायचे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीटवर फिरताना एका दुकानात तबकड्यांचा ढीग दिसला. एका तबकडीचं लेबल अर्धं पुसलेलं होतं, पण 'ख्रिसमस' आणि 'मिलिटरी बँड' हे शब्द वाचता येत होते. दीडशे रुपयांना घेतली. दादांनी जे वाजवलं त्याच्या जवळपासचं काहीतरी यात असेल, एवढाच हिशेब होता. पुढे मात्र मला दुसराच प्रश्न पडला. इतक्या जुन्या तबकड्यांवर फौजेचेच बँड इतके का?

याचं कारण तंत्रात आहे. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. वादकांनी एका मोठ्या भोंग्यासमोर दाटीवाटीने उभं राहायचं. आवाजाने भोंग्याच्या टोकाचा पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरायची. व्हायोलिनचा नाजूक आवाज या यंत्राला नीट पकडता येत नसे. त्यासाठी तर भोंगा बसवलेली खास व्हायोलिनं बनवावी लागली. पितळी वाद्यांचा आवाज मात्र थेट, जोरकस आणि मोकळ्या मैदानासाठीच घडवलेला. तो मेणावर ठळक उमटायचा. म्हणून सुरुवातीच्या कंपन्यांनी बँडलाच जवळ केलं. अमेरिकेच्या मरीन बँडने १८९० च्या सुमारास कोलंबिया कंपनीसाठी मेणाच्या नळकांड्यांवर वादन केलं. नळकांड्यांच्या भरपूर प्रती काढण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे समोर अनेक यंत्रं मांडून तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवावी लागे. या बँडचा तेव्हाचा प्रमुख जॉन फिलिप सूसा. यंत्रातल्या संगीताला 'डबाबंद' म्हणून हिणवणारा लेख पुढे १९०६ मध्ये त्यानेच लिहिला! इंग्लंडमध्ये कोल्डस्ट्रीम गार्ड्‌स आणि ग्रेनेडियर गार्ड्‌स यांचे बँड ग्रामोफोन कंपनीच्या यादीत वर्षानुवर्षं राहिले.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. म्हणून नाताळच्या तबकडीवर बहुधा तीन-चार भजनांच्या चाली एकापाठोपाठ ओवलेल्या असतात. त्यातल्या काही चालींचा इतिहास मजेदार आहे. 'हार्क द हेरल्ड एंजल्स सिंग' हे भजन मुळात चार्ल्स वेस्लीचं, १७३९ चं. आज ज्या चालीवर ते गातात, ती मेंडेल्सोनने १८४० मध्ये लाइपझिगला छपाईच्या शोधाच्या चारशेव्या वर्षाच्या उत्सवासाठी रचली होती, पुरुषांच्या गायनवृंदासाठी आणि पितळी वाद्यांसाठी. ही चाल धार्मिक शब्दांना शोभणार नाही असं त्याचं स्वतःचं मत होतं. त्याच्या मृत्यूनंतर, १८५५ मध्ये, एका इंग्रज ऑर्गनवादकाने शब्द आणि चाल यांची गाठ घालून दिली. म्हणजे पितळी बँड ही चाल वाजवतो तेव्हा ती आपल्या मूळ घरीच आलेली असते. उलट 'सायलेंट नाइट' १८१८ साली साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडोर्फ गावात पहिल्यांदा गायलं गेलं ते दोन आवाजांत आणि गिटारच्या साथीवर. तेच गाणं चाळीस वादकांच्या बँडवर ऐकलं की मला आमचे ते मौलवी साहेब आठवतात, ज्यांना हळू बोलणं जमतच नसे.

आता भाषेच्या शिक्षकाला सुचणारी गोष्ट. बँडमधला मोठा ढोल, झांजा आणि त्रिकोणी घंटा या वाद्यांचा युरोपच्या फौजांमध्ये प्रसार झाला तो १८ व्या शतकात, उस्मानी तुर्कांच्या जानिसारी पलटणींचं पाहून. त्या तुर्की बँडला 'मेहतर' म्हणत. फारसीत मेहतर म्हणजे थोर, वडीलधारा. आपल्याकडे हाच शब्द सफाई करणाऱ्यांना चिकटला, आणि थोरपण कुठल्या कुठे गेलं. आपला नगारा अरबी 'नक्कारा'वरून आला, आणि जुन्या इंग्रजीत लहान नगाऱ्यांच्या जोडीला 'नेकर' म्हणत, तेही तिथूनच. तुर्कांचा 'झुर्ना' आणि आपली सनई तर एकाच घराण्यातल्या. पुढे चक्र उलटं फिरलं. १८२६ मध्ये सुलतान महमूद दुसरा याने जानिसारी फौज मोडली, मेहतर बंद केला, आणि १८२८ मध्ये युरोपीय धर्तीचा बँड उभारायला इटलीहून ज्युसेप्पे डोनिझेट्टीला इस्तंबूलला बोलावलं. प्रसिद्ध ऑपेराकार गाएतानोचा हा थोरला भाऊ. म्हणजे युरोपने तुर्कांकडून ढोल घेतला आणि तुर्कांनी युरोपकडून क्लॅर्नेट घेतली. तबकडीवर नाताळच्या भजनामागे धडधडणाऱ्या त्या ढोलाला 'हे आपलं नाही' असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

खुद्द तबकडीही परकी नाही. ती लाखेची असते. थोडी लाख, पुष्कळ दगडाची भुकटी आणि काळ्या रंगासाठी काजळी. जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानातून जायची, छोटा नागपूरच्या जंगलांतून, पळस-कुसुमच्या फांद्यांवरून. ग्रामोफोन कंपनीने १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदहमध्ये कारखानाही काढला. दुसऱ्या महायुद्धात समुद्री वाहतूक अडली तेव्हा अमेरिकेत लाखेवर कडक बंधनं आली. जुन्या तबकड्या लोकांकडून गोळा करून वितळवल्या गेल्या, आणि त्यात काय काय गेलं असेल याचा विचार करून माझ्यासारख्याचा जीव हळहळतो.

याच काळात, १९४३ मध्ये, अमेरिकन फौजेने सैनिकांसाठी 'व्ही-डिस्क' सुरू केल्या. लाखेच्या तबकड्या वाटेत फुटत, म्हणून पुढे त्या व्हिनाइलच्या केल्या. मेजर ग्लेन मिलरचा हवाई दलाचा बँडही या तबकड्यांवर होता. १५ डिसेंबर १९४४ ला मिलर इंग्लंडहून पॅरिसला विमानाने निघाला आणि खाडीवर कुठेतरी नाहीसा झाला. तो बेपत्ता असल्याची बातमी २४ डिसेंबरला जाहीर झाली. पॅरिसमध्ये त्याच्या बँडने त्याच्याशिवाय कार्यक्रम केला. १९४९ मध्ये व्ही-डिस्क बंद झाल्या. कलावंतांनी मोबदला न घेता वाजवलेलं असल्याने त्या विकायच्या नव्हत्या, आणि उरलेल्या नष्ट करायचा हुकूम निघाला. माझ्याकडे एकही व्ही-डिस्क नाही. मिळाली तरी माझ्या पगारात बसणार नाही.

कोणाला हा छंद लावून घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी सांगतो. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. स्वच्छ पाणी आणि मऊ फडकं पुरे, फक्त लेबलला पाणी लागू देऊ नका. आणि जुन्या ग्रामोफोनवर वाजवत असाल तर दर बाजूला नवी पिन लावा. पिनेचे चार पैसे वाचवायला जाल तर तबकडीचे चर झिजतील. नाताळच्या तबकडीची गंमत अशी, की ती वर्षातून चार दिवस वाजते. त्यामुळे कधी कधी साठ-सत्तर वर्षांची तबकडीही काल कारखान्यातून आल्यासारखी निघते.

आता अब्बांचं. पहिली तबकडी आणली तेव्हा ते म्हणाले होते, "ये क्या कबाड़ उठा लाया?" आणि उठून आत गेले. नंतर मी ती ते घरी नसतानाच लावायचो. गेल्या डिसेंबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, बाहेर जाणं बंद. एका दुपारी ते झोपलेत असं समजून मी तबकडी लावली. ओळखीची चाल सुरू झाली, वरच्या पट्टीत एक वाद्य एकटंच पुढे आलं. मी बायकोला हळूच म्हणालो, "ही बघ क्लॅर्नेट. दादा असंच वाजवत असणार."

आतून आवाज आला, "क्लॅर्नेट नहीं है वो, कॉर्नेट है. क्लॅर्नेट अब आएगी."

आणि खरंच, आठ-दहा सेकंदांनी क्लॅर्नेट आली.

म्हणजे अब्बांनी हे सगळं ऐकलेलं होतं. दादा घरी रियाझ करायचे तेव्हा शेजारी बसून ऐकलेलं असणार. मी आत जाऊन विचारायला हवं होतं, पण धीर झाला नाही. तबकडी उलटवली, पिन बदलली आणि दार थोडं जास्त उघडं ठेवलं.